टायरचा चुरा काँक्रीटमध्ये: किती घालायचा, कुठे घालायचा, आणि कुठे हातही लावायचा नाही

कुळागर_काँक्रीट (धागालेखक)

नदीतल्या रेतीवर निर्बंध आहेत, क्रश सँड दर गाडीला वेगळी येते, आणि दुसरीकडे टायरच्या प्रत्येक दुकानामागे जुन्या टायरांची चळत लागलेली. जूनमध्ये त्यांत पाणी साचलं की डासांच्या अळ्या ठरलेल्या. म्हणून "टायर बारीक करा आणि रेतीच्या जागी काँक्रीटमध्ये घाला" हा सल्ला हल्ली वरचेवर ऐकू येतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग इथे लिहितो.

सगळ्यात मोठी गल्लत वजन आणि आकारमान यांत होते. रेतीची सापेक्ष घनता २.६ च्या आसपास, रबराची १.१ ते १.१५. म्हणजे एक किलो रबर रेतीच्या दुपटीहून जास्त जागा खातं. "१० टक्के" म्हणून कोणी वजनाने रेती काढून तेवढ्याच वजनाचा चुरा टाकला, तर प्रत्यक्षात रेतीच्या आकारमानात २० टक्क्यांवर रबर जातं. शिवाय घाण्याचं (एका वेळी मिसळलेल्या मालाचं) एकूण आकारमान साडेतीन टक्के फुगतं आणि दर घनमीटरमागचं सिमेंट तितकं कमी पडतं. मग ताकद तपासायची क्यूब (काँक्रीटचा ठोकळा) नापास झाली की दोष रबराला! बदली नेहमी आकारमानाने करायची आणि ती वजनात उतरवून काट्यावर मोजायची.

पायवाट, अंगणातली फरशी, गटारावरची झाकणं सोडून इतर किरकोळ बिनसळईची कामं, यासाठी रेतीच्या १० टक्के आकारमानाइतका चुरा घातलेलं एक घनमीटर मिश्रण असं बसतं:

सिमेंट ३६० किलो
पाणी १६२ लिटर (पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५)
खडी, २० आणि १० मिमी मिळून, १२२० किलो
रेती ६१९ किलो
रबराचा चुरा, १ ते ३ मिमी, २९ किलो
सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात मिश्रण पातळ ठेवणारं रसायन) सुमारे ३ किलो
हवा ३ टक्के धरलेली

खडीची घनता २.८५, रेतीची २.६२ आणि रबराची १.१२ धरली आहे. तुमची खडी वेगळ्या क्वारीची असेल तर आकडा बदला. एका पोत्यामागे हिशेब: पाणी साडेबावीस लिटर, रेती ८६ किलो, खडी १६९ किलो, चुरा ४ किलो. वजनं कोरड्या मालाची आहेत. पावसाळ्यात रेतीला ५ टक्के ओल सहज असते, म्हणजे त्या ८६ किलोंत चार-साडेचार लिटर पाणी आधीच आलेलं असतं. ते साडेबावीसमधून वजा केलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

ताकदीचं म्हणाल तर इतक्या मात्रेला साध्या मिश्रणाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्के घट धरून चालायचं. २० टक्के रबराला घट तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते. १९९३ मध्ये अमेरिकेत एल्डिन आणि सेनूची यांनी सगळी खडी काढून टायरचे तुकडे घातले तेव्हा दाबताकदीत ८५ टक्क्यांपर्यंत घट झाली, आणि रेतीच्या जागी चुरा घातला तेव्हा ६५ टक्क्यांपर्यंत. म्हणून खडीच्या जागी रबराचे ठोकळे हा विचारच सोडा. बदली रेतीचीच आणि तीही थोडी.

अजून एक. खडी-रेतीचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत स्लॅग आणि जुन्या काँक्रीटची खडी यांना जागा मिळाली, रबराला मिळालेली नाही. सळईच्या कामात रबर घालून कोणी अभियंत्याची सही मागितली तर नकार मिळणार, आणि तो नकार योग्यच आहे.

वेर्णे_बॅचिंग

हिशेब बरोबर. त्यातल्या "हवा ३ टक्के" या ओळीवर थांबायला हवं, कारण ताकद तिथेच गळते.

रबर पाण्याला जवळ करत नाही. चुऱ्याचा पृष्ठभाग खडबडीत, त्या खाचांत हवा बसलेली असते आणि ती मिश्रणात तशीच जाते. हवेच्या दर १ टक्क्यामागे ताकद सुमारे ५ टक्के जाते हा ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा रबराने होणाऱ्या नुकसानातला बराच भाग खरं तर हवेचा असतो, आणि तो कमी करता येतो.

तपासायला एअर मीटर लागतोच असं नाही. वर दिलेल्या मिश्रणाची बेरीज २३९३ किलो होते. १५० मिमीची क्यूब म्हणजे ३.३७५ लिटर, म्हणून ताजी भरलेली क्यूब साच्याचं वजन वजा करून ८.०८ किलो भरली पाहिजे. ७.८ भरली तर आत साडेसहा टक्क्यांच्या आसपास हवा आहे असं समजा. २८ दिवस थांबायचं कारण नाही, घाणा तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो.

दुरुस्ती कशी:

प्लास्टिसायझर बदलून बघा. पीसीई (पॉलिकार्बोक्झिलेट) प्रकारातले काही स्वतःच हवा ओढतात, त्यांत डिफोमर (फेस मारणारं द्रव्य) असलेला मागा. भांडी घासायचा साबण टाकून चुरा भिजवायची युक्ती काही ठिकाणी सांगतात, ती अजिबात करू नका. साबण म्हणजे फेस, आणि फेस म्हणजे हवा.

मिक्सरमध्ये माल टाकायचा क्रम बदला. आधी भिजवून निथळलेला चुरा, सगळं सिमेंट आणि निम्मं पाणी. दीड ते दोन मिनिटं फिरवा, म्हणजे प्रत्येक कणावर सिमेंटचा लेप बसतो. मग खडी, मग रेती, शेवटी उरलेलं पाणी आणि प्लास्टिसायझर, पुढे तीन मिनिटं. पॅन मिक्सर असेल तर उत्तम. ड्रमच्या मिक्सरमध्ये कोरडा चुरा पात्यांच्या मागे चिकटून राहतो आणि शेवटच्या घमेल्यात एकदम उतरतो.

आणि व्हायब्रेटर आवरता घ्या. जास्त धरला तर रबर वर तरंगतं. क्यूब उभी चिरून पाहिली की कळतं: वरच्या दोन बोटांत काळे ठिपके दाट, तळाला जवळपास नाहीत. टेबलावर १० ते १५ सेकंद पुरेत. स्लंप (ओल्या काँक्रीटचा शंकू किती खचतो ते माप) ७५ ते १०० मिमीच्या वर नेऊ नका, पातळ झालं की रबर वर येणारच.

साखळीचा_सिव्हिल

खूप उपयोगी माहिती, देव बरे करो. एक शंका. चुरा कॉस्टिक सोड्यात धुवावा असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. ते खरंच लागतं की प्रयोगशाळेपुरतंच?

लॅब_टेबल

टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक आम्ल असतं, त्यातून झिंक स्टिअरेटचा मेणचट थर पृष्ठभागावर येतो. सिमेंट चिकटत नाही त्याचं हे एक कारण. कॉस्टिकने तो थर उतरतो. १० टक्के द्रावणात अर्धा तास ढवळत ठेवायचं आणि मग पाणी तटस्थ होईपर्यंत धुवायचं, लिटमसने बघून. धुण्यात हयगय झाली तर उरलेला अल्कली काँक्रीटमध्ये जातो.

फायदा होतो, पण निकाल एकसारखे येत नाहीत. चुरा कुठल्या टायरचा, किती जुना, किती बारीक, यावर ते हलतात. साइटवर मात्र त्या पाण्याचं करायचं काय, हा खरा प्रश्न. शेजारी विहीर किंवा शेत असेल तर ते ओतता येत नाही, आम्ल घालून तटस्थ करावं लागतं. चार किलो चुऱ्यासाठी एवढा व्याप कोणी नीट करणार नाही, आणि अर्धवट करण्यापेक्षा न केलेला बरा.

त्याऐवजी २४ तास साध्या पाण्यात भिजवा. बादलीत कोरडा चुरा टाकलात की पाण्यापेक्षा जड असूनही बराचसा वर तरंगतो. ती चिकटलेल्या हवेची करामत. काठीने ढवळलं की बुडबुडे सुटतात आणि चुरा हळूहळू बसतो. सकाळपर्यंत जे वर राहील ते बहुतेक टायरमधला नायलॉनचा कापूस असतो, राखाडी लोकरीसारखा. तो गाळणीने काढून टाका. हा कापूस पाणी पितो आणि मिश्रणात गोळे करतो. मग चुरा गोणपाटावर निथळू द्या, पृष्ठभाग ओलसर पण पाणी न गळणारा असा वापरा. भिजवणं आणि वर वेर्णेवाल्यांनी सांगितलेला सिमेंटचा लेप, एवढ्यात बहुतेक काम होतं.

चुरा घेताना किलोभर ताटात पसरून वरून चुंबक फिरवा. तारेचे केस चुंबकाला लागले तर तो माल उघड्या पृष्ठभागाच्या कामाला नको. गोव्याच्या हवेत एका पावसाळ्यात तांबड्या गंजाचे ओघळ दिसू लागतात.

पेव्हरवाला_फोंडा

पेव्हरबद्दल (वाटेवर बसवायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांबद्दल) मी लिहितो, कारण चुऱ्याचा सगळ्यात जास्त उपयोग तिथेच सुचवला जातो आणि माल फुकट जातो तोही तिथेच.

हायड्रॉलिक प्रेसवर कोरडं मिश्रण दाबून पेव्हर काढता तेव्हा रबर दाबलं जातं. दाब सुटला की ते परत फुगतं. सिमेंट अजून कच्चं, त्याला ते धरवत नाही. साच्यातून काढलेल्या पेव्हरच्या कडेला, उंचीच्या मध्यावर, केसाएवढी आडवी चीर दिसते. नख फिरवलं तर लागते. ओला असताना ती लपते, वाळला की उघडी पडते. असा पेव्हर सात दिवसांनी दगडावर आपटला तर पुस्तकासारखा दोन पानांत उघडतो. दाब वाढवून हे सुटत नाही, उलट वाढतं. प्रेसवर करायचंच असेल तर चुरा ५ टक्क्यांच्या आत आणि १ मिमीहून बारीक ठेवा.

रबर घालायला बरा तो ओला पेव्हर, प्लास्टिकच्या साच्यात व्हायब्रेशन टेबलवर भरलेला. त्यात दाब नाही, म्हणून उलट फुगणं नाही. साचा उलटा भरला जातो, म्हणजे तळाशी असतं ते पुढे वरचं तोंड होतं. आधी ८ ते १० मिमी रंगीत थर रबराशिवाय घाला, तो ओला असतानाच वर रबराचं मिश्रण. पहिला थर सुकू दिला तर दोन थर सुटतात, १५-२० मिनिटांच्या आत दुसरा पडलाच पाहिजे. साचे २४ तासांनी सोडतो ते पीपीसी (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) वापरत असाल तर ३६ ते ४८ तासांवर न्या, कोपरे तुटायचे थांबतात.

आयएस १५६५८ प्रमाणे वाहनं न जाणाऱ्या वाटेला ५० मिमीचा एम-३० (२८ दिवसांची ताकद चौरस मिमीला ३० न्यूटन) पेव्हर लागतो आणि पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत. धाग्यातलं ०.४५ चं मिश्रण त्याला पुरणार नाही. पाणी-सिमेंट ०.३८ पर्यंत आणा, चुरा १० टक्क्यांवर थांबवा. गाड्या उभ्या राहतात तिथल्या ८० मिमीच्या एम-४० पेव्हरला रबर नको. ताकद कशीबशी बसेलही, पण शोषणात नापास होतो.

डांबरी_सडक

एवढी यातायात कशाला? चुरा डांबरात घाला. सीआरएमबीला (रबराचा चुरा मिसळलेल्या डांबराला) आयएस १७०७९ आहे, आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी ५३ आहे, सगळं बसलेलं आहे. रबर आणि डांबर एकमेकांत मिसळतात, रबर आणि सिमेंट नाही. काँक्रीटमध्ये रबर म्हणजे दोष मुद्दाम आत घालून मग त्याची मलमपट्टी करत बसणं.

कुळागर_काँक्रीट

बाब, रस्त्याचा माल असेल तर तुमचं म्हणणं मान्य. चुरा टनांनी आहे आणि डांबराचा प्लांट जवळ आहे तर तो तिकडेच गेला पाहिजे.

काँक्रीटमधून टायरांची विल्हेवाट फार होते असाही दावा मी करत नाही. १०० चौरस मीटर वाट, ५० मिमी जाडी, म्हणजे पाच घनमीटर. त्यात चुरा दीडशे किलोच्या आत. कारच्या एका टायरमधून सहा किलो रबर धरलं तर पंचवीस टायर. पंचायतीच्या ढिगाला हे उत्तर नव्हे.

पण रबराने काँक्रीटला काही गुण मिळतात ते डांबराच्या प्रश्नात येत नाहीत. साधी क्यूब प्रेसखाली फुटते तेव्हा आवाज करून कोपरे उडतात, उरतो तो डमरू. रबराची क्यूब चिरा पडूनही एकसंध राहते, प्लेट वर घेतली की किंचित परत उठते. आघात सोसते, कंप शोषते, उष्णता कमी वाहते. भाताच्या गिरणीचं किंवा जनरेटरचं बसकं, शाळेच्या मैदानाकडेची वाट, गच्चीवरचा उताराचा थर, अशा जागी ते कामाचं आहे. फक्त यंत्राच्या बोल्टभोवती रबराचं मिश्रण नको, पकड कमी पडते. बोल्टचे खड्डे मोकळे ठेवून नंतर साध्या न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटच्या भरावाने) भरा.

मांडवीकाठ

किनाऱ्यावरच्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेतलं सळईचं काम 'सीव्हिअर' (तीव्र) वर्गात येतं: किमान एम-३०, गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट किमान ३२० किलो. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ३४०. तिथे आपली सगळी धडपड क्लोराइडला सळईपर्यंत पोचू न देण्याची असते. रबराने कणांभोवती सांधे सैल होतात, आकसणं वाढतं, शोषण वाढतं. ताकद सिमेंट वाढवून भरून काढता येईल, हा सैलपणा तसा भरून निघत नाही. कांदोळी असो की कोलवा, छज्जा, स्लॅब, कॉलम, पाण्याची टाकी, यात एक मूठही नको.

खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) बांधाला आणि मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) कामाला हे मिश्रण सुचवलेलं वाचलं, त्याला माझा ठाम विरोध आहे. टायरमध्ये ओझोनपासून बचावाचं ६पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यापासून बनणारं क्विनोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो सामन मासे मारतं, हे २०२० च्या शेवटी उघड झालं. आपल्या माशांवर त्याचा परिणाम तसाच होईल असं कोणी गृहीत धरू नये, पण जस्तही झिरपतं आणि भरती-ओहोटीत काँक्रीट घासलं जातं. शेवटो मासे आणि सुंगटं (कोळंबी) ज्या पाण्यात वाढतात तिथे प्रयोग नको.

पेडण्याची_सई

गोठ्याच्या जमिनीसाठी विचार करत होते. गायींच्या गुडघ्यांना मऊ पडेल आणि घसरणार नाहीत, असं कोणी सुचवलं. चार गायींचा गोठा आहे, १०० मिमी जाडीचा कोबा करायचा आहे.

लॅब_टेबल

ताई, मऊ पडणार नाही. १० टक्के रबराचं काँक्रीट पायाला दगडच लागतं. मऊपणा जाणवेल इतकं रबर घातलं तर ते खुराखाली वर्षभरात उखडेल, आणि शेण-मूत्र मुरेल ते वेगळंच. तुम्ही साधा एम-२० घाला, गटाराकडे ६० ला १ उतार द्या, ओला असताना खराट्याने उताराच्या दिशेने रेघा ओढा. घसरणं रेघांनी थांबतं. गायी बसतात तेवढ्याच जागेवर रबरी मॅट टाका, ती उचलून धुता येते.

साखळीचा_सिव्हिल

आणि भिंतीचे ब्लॉक? चिरा (जांभा दगड) महाग होत चालला आहे.

पेव्हरवाला_फोंडा

आतल्या आडभिंतींना चालतील. आयएस २१८५ च्या पहिल्या भागात भरीव ब्लॉकचा वर्ग ४ आणि ५ न्यूटनचा आहे. आपला चिराही आयएस ३६२० प्रमाणे किमान साडेतीनचाच लागतो. ४ गाठायला २० टक्के चुऱ्यानेही अडचण येत नाही. पण तेच प्रेसचं दुखणं इथेही आहे, म्हणून अंड्यासारखे ब्लॉक टाकत जाणाऱ्या मशीनवर दाबापेक्षा कंपन जास्त ठेवा. गिलाव्याआधी सिमेंटच्या पाण्याचा हात मारा, वर आलेल्या रबरी कणांवर गिलावा धरत नाही. स्वयंपाकघराची भिंत आणि चुलीमागची बाजू मात्र चिऱ्याची किंवा विटेची करा. रबर तापलं की धुमसतं आणि तो धूर वाईट.

रिसोल_साइटवर

रिट्रेडिंगच्या (झिजलेल्या टायरला नवा पट्टा चढवण्याच्या) दुकानात टायर खरवडताना निघणारा भुसा जवळपास फुकट मिळतो. तो चालेल?

वेर्णे_बॅचिंग

चालेल, आणि एका बाबतीत तो बराच. तो टायरच्या वरच्या पट्ट्याचा असतो, त्यात तार नाही, कापूस नाही. पण कण गोल नसून शेवयांसारखे लांब असतात आणि मिक्सरमध्ये त्यांचे गुंते होतात. ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळा, वर राहतं ते टाकून द्या. खालचं १.१८ मिमीच्या चाळणीवर घ्या. त्यातून पडणारी काळी पूड निम्म्याहून जास्त असेल तर पाणी वाढवायचा मोह होईल. पाणी वाढवू नका, चुरा ७ टक्क्यांवर आणा.

दर पोत्याचं वजन आणि चाळणी वेगळी बघा. या भुशात एक दिवस ट्रकचा टायर असतो, दुसऱ्या दिवशी स्कूटरचा.

मोठ्या कामाला चुरा विकत घेणार असाल तर नोंदणी असलेल्या रिसायकलरचं बिल मागा. जुलै २०२२ च्या नियमांनंतर टायर उत्पादकांवर वापरलेल्या टायरांची जबाबदारी आली आहे आणि चुरा बनवणारे त्या यादीत येतात. पायरोलिसिसची (हवेशिवाय टायर तापवून तेल काढल्यावर उरणारी) काळी राख 'बारीक रबर' म्हणून खपवलेली दिसते. ती बोटांत चोळली की बोट काळं होतं आणि तेलकट वास येतो. खरा चुरा चोळला की बोटाखाली दबतो आणि परत उठतो.

रिसोल_साइटवर

दुकानातला भुसा आज चाळला. पाच किलोंतून ४.७५ वर ९०० ग्रॅम गुंते राहिले, १.१८ खाली सव्वा किलो पूड, बाकी मधला. बादलीत भिजत घातला आहे.

वेर्णे_बॅचिंग

म्हणजे चाळणीखालच्या ४.१ किलोंत पूड ३० टक्के. १० टक्क्यांचं मिश्रण धरायला हरकत नाही. उद्या ताज्या क्यूबचं वजन इथे टाका.